वाचणं चालू असताना

मारोतराव भोयरांची नजर एकदम गेली नाही. काचबिंदूनं ती कडेकडेनं खाल्ली. आधी बाजूनं येणारी माणसं दिसेनाशी झाली, मग पोत्यांवरचे मार्के, आणि शेवटी समोर बसलेल्याचं तोंड. नागपुरात कळमन्याच्या बाजारात त्यांची आणि धाकट्या भावाची, देवरावची, धान्याची अडत, म्हणजे दलालीचं दुकान, होती. नजर गेल्यावरही मारोतराव रोज दुकानात जात. गादीवर बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला आवाजावरून ओळखत, चहा सांगत, जुन्या गिऱ्हाइकांशी घरच्यांसारखं बोलत. काम सगळं देवराव करी. हे दोघांनाही कळत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

मनीषनगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भैरवी घाटेनं भाड्यानं घेतला होता. तिचे आईवडील वर्ध्याला. ती रामदासपेठेतल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रामर होती. कंपनी सुरू केली होती तिच्याच वर्गातल्या अपूर्व देशकरनं, आणि तिथं एकच वस्तू बनत होती: ‘श्राव्य’ नावाचं ॲप. दिसत नसलेल्या माणसाच्या फोनवर जे काही येईल ते मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पण ते नागपूरच्या बोलीतले मेसेजही न अडखळता वाचायचं, म्हणून लोकांना आवडू लागलं होतं.

भैरवीनं ते मारोतरावांच्या फोनवर स्वतः टाकून दिलं. पहिल्याच दिवशी फोन बोलला, ‘देवराव. दादा, डबा पाठवू का?’ तेव्हा मारोतराव खळखळून हसले होते.

“कौशल्या, आयक वं! देवरावचा मेसेज मी सोताच वाचला!”

कौशल्याकाकूंनी त्या दिवशी भैरवीला वरती पुरणाची पोळी नेऊन दिली.

मारोतरावांनाच मग भैरवीनं आपला परीक्षक केलं. ते रोज जिन्याखालून हाक मारून तक्रार सांगत. तक्रार एकच. “पोरी, हा बाबा बोलता बोलता अडकते वं. दम लागल्यासारखा.”

अडकत होता हे खरं होतं. ॲपचे दोन भाग होते. फोनवर आलेला मेसेज उचलायचा, कोणाचा आहे ते बघायचं, हा भाग अपूर्वनं कोटलिन या भाषेत लिहिला होता. त्या अक्षरांचा आवाज करायचा, हा भाग भैरवीनं रस्ट या दुसऱ्या भाषेत. एकीकडून दुसरीकडे मजकूर जायचा तो फोनच्या मेमरीतल्या एका जागेतून. बाइटांची एक लांब पट्टी; प्रोग्रामर तिला बफर म्हणतात. सुरुवातीला प्रत्येक मेसेजसाठी नवी पट्टी घेतली जायची आणि वाचून झालं की टाकून दिली जायची. स्वस्त फोनवर अशा टाकून दिलेल्या पट्ट्यांचा कचरा साचायचा, फोन तो मधेच झाडायला बसायचा, आणि तेवढा वेळ आवाज थांबायचा.

अपूर्वनं उपाय काढला. एकच कायमची पट्टी. दोन्ही भाषांनी तीच वापरायची. त्याचा भाग पट्टीत लिहील, भैरवीचा भाग तिथूनच वाचेल.

“आणि माझं वाचणं चालू असताना तू पुढचा मेसेज लिहिलास तर?” भैरवीनं विचारलं.

“तुझं वाक्य बोलून होतं तितक्यात दुसरा मेसेज येतो कुठे?”

“येईल की. अपूर्व, माझी भाषा असं धरून चालते, की मी वाचतेय तोवर या बाइटांना कोणी हात लावणार नाही. माझ्या बाजूला हे मोडायला गेलं तर ती प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. पण तुझ्या कोटलिनला या वचनाचा पत्ताच नाही. ती तिच्या मनात येईल तेव्हा लिहिणार. आणि माझी आंधळेपणानं विश्वास ठेवणार.”

“आंधळेपणानं,” अपूर्व हसला. “बरं, एकदा तरी चुकलेलं दाखव. मी लगेच बदलतो.”

भैरवीनं दिवसभर प्रयत्न केला. ऑफिसातल्या फोनवर ती मेसेज सोडत राहिली आणि फोन ते नीट वाचत राहिला. चूक काही दाखवता आली नाही. दिल्लीच्या एका संस्थेला ॲप दाखवायचं होतं आणि आवाज आता पाण्यासारखा वाहत होता. संध्याकाळी अपूर्वनं तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि तिनं त्या बदलाला होकार दिला. मनात खटकत राहिलं. पण दाखवता न येणारी भीती मीटिंगमध्ये किती वेळ धरून बसणार?

मारोतराव खूश झाले. “आता सरका बोलते, अडकत नाही!” म्हणाले.

मार्चमधल्या एका सकाळी मारोतराव दुकानात जायला तयार होऊन ओसरीवर बसले होते. पांढरा सदरा, हातात काठी. नेहमीचा ऑटोवाला यायचा होता. फोन मांडीवर होता. तो बोलला:

“देवराव. दादा, दुकानात येऊ नको आता. काही कामाचा नाही राहिला आता. नुसती जागा अडवून राहिला.”

मारोतरावांनी बोट दाबून फोन बंद केला. पुढचं ऐकायचं त्यांच्यात बळ नव्हतं. ऑटोवाला आला, त्याला त्यांनी हात हलवून वापस पाठवलं. कौशल्याकाकूंनी आतून विचारलं, “काहून गा, गेले नाही?” तर म्हणाले, “ऊन लागते.”

अर्ध्या तासानं देवराव स्वतःच दारात आला. मोटारसायकल लावली, चपला काढल्या आणि म्हणाला, “चाल दादा, तयार हायेस ना?”

मारोतराव बसल्या जागेवरून हलले नाहीत. मेसेजातले शब्द पुन्हा तोंडावर आणणं त्यांना जमणार नव्हतं. जो शब्द भावानं लिहिला तो आपण बोलून दाखवायचा, म्हणजे दुसऱ्यांदा ऐकायचा. ते एवढंच म्हणाले, “मले समजलं सगळं, देवराव.”

कौशल्याकाकू दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नंतर भैरवीला सांगितलं, की देवरावचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं. चोरी पकडल्यावर पोराचं होते तसं.

मग देवराव खाली बघत म्हणाला, “समजलं तर बरं झालं दादा. मी आजच सांगणार होतो तुले. कधी ना कधी सांगाच लागलं असतं.”

“सांगाच लागलं असतं,” मारोतराव म्हणाले. “ठीक हाये. मंग हिस्से करून टाक. मी तुह्या दुकानात पाय नाही ठेवत आता.”

“दादा, मी तुले काढून नाही टाकून राहिलो...”

“जा तू.”

देवरावनं चपला घातल्या आणि तो गेला. पाण्याचा ग्लास कौशल्याकाकूंच्या हातात तसाच राहिला.

हिस्से झाले. भांडण मोठ्यानं झालंच नाही, म्हणून मिटवायला कोणाला मध्ये पडता आलं नाही. दुकान देवरावकडे गेलं, मनीषनगरचं घर आणि गावाकडची जमीन मारोतरावांकडे. देवरावचा मुलगा पियूष एकदा येऊन सह्यांचे कागद ठेवून गेला. त्याला काकांच्या पाया पडायचं होतं, पण मारोतरावांनी पाय आत ओढून घेतले. अक्षय्य तृतीयेला दोन्ही घरांचं पितरांचं जेवण पहिल्यांदा वेगवेगळं झालं. ‘श्राव्य’वर देवरावचे मेसेज येणं बंद झालं, कारण मारोतरावांनी भैरवीला सांगून त्याचा नंबर बंद करून टाकला.

“काका, एवढं काय झालं?” तिनं तेव्हा विचारलं होतं.

“काही नाही.”

पण जूनमध्ये, वीज गेलेली असताना सगळे गच्चीवर बसले होते, तेव्हा त्यांनी आपणहून ते वाक्य सांगितलं. शब्दन् शब्द पाठ होता. कौशल्याकाकूंनीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“तोंडावर म्हटलं असतं तर मी आयकून घेतलं असतं,” मारोतराव म्हणाले. “मोठ्या भावाले मेसेज करते. अन् तुह्या मशीनच्या त्या गोड आवाजात.”

माणसं अशी असतात, असं काहीतरी भैरवी म्हणाली.

ऑगस्टच्या सुरुवातीला ऑफिसात एक फोन आला. वेदिका नावाची कॉलेजातली मुलगी, वसतिगृहात राहणारी, जन्मापासून न दिसणारी. तिचा आवाज रागावलेला होता.

“तुमचं ॲप खोटं बोलतं. आईचा मेसेज आला, ‘बाळा, तुझी परीक्षा’, आणि पुढे म्हणे ‘आजपासून बंद राहील, पाणी भरून ठेवा’. मी पुन्हा लावला तर वेगळंच. परीक्षा कशी गेली असं आईनं विचारलेलं. मग पाण्याचं कोण म्हणालं? वसतिगृहाची सूचना होती ती, वॉर्डनबाईंचा मेसेज होता!”

कस्टमरचे फोन घेणारा हर्षित हसत हसत भैरवीला सांगायला आला. “मॅडम, भारी किस्सा आहे.” भैरवी हसली नाही. तिनं दोन फोन घेतले, दोन्हींवरून तिसऱ्यावर पाठोपाठ मेसेज सोडले, मधलं अंतर कमी-जास्त करत. जेवणाच्या सुट्टीआधीच तिला ते सापडलं. पहिल्या मेसेजचं एक वाक्य बोलून होतं न होतं, तोच दुसरा येतो. अपूर्वचा भाग तो दुसरा लगेच पट्टीवर लिहून टाकतो आणि आपली पाळी यायची वाट बघतो. तिचा भाग मात्र पहिलाच मेसेज समजून जिथे होता तिथून पुढे वाचत जातो. माणूस पहिला, शब्द दुसऱ्याचे. मग पाळी आली की दुसरा मेसेज पुन्हा पहिल्यापासून, नीट. ऐकणाऱ्यानं थोडं थांबलं तर त्याच्या लक्षात यावं.

थोडं थांबलं तर.

भैरवीनं स्कूटी काढली आणि भर दुपारी घरी आली.

“काका, मार्चमधला तो मेसेज फोनवर आहे अजून?”

“असन. मी कायले उघडतो त्याले?”

तिनं फोन घेतला. देवरावचा नंबर बंद होता, पण जुने मेसेज होते. शेवटचा तोच. तिनं तो मोठ्यानं वाचला. “दादा, दुकानात येऊ नको आता. मीच येऊन राहिलो घरी. रामदासपेठच्या डॉक्टरचा टाइम भेटला.”

“हे नाही. दुसरा असन,” मारोतराव म्हणाले.

“दुसरा नाहीच आहे काका. हाच आहे.”

मग तिनं बाजारातल्या व्यापाऱ्यांचा ग्रुप उघडला. त्याच दिवशी, त्याच मिनिटाला कोणीतरी लिहिलं होतं: “आपला जुना काटा काही कामाचा नाही राहिला आता. नुसती जागा अडवून राहिला. भंगारवाल्याले दाखवून टाका.”

तिनं लॅपटॉपवरून तेच दोन मेसेज, त्याच नावांनी, त्यांच्या फोनकडे तसेच पाठोपाठ सोडले. फोन बोलला. देवरावचं नाव घेतलं, दुकानात येऊ नको म्हणाला, कामाचा नाही राहिला म्हणाला, जागा अडवून राहिला म्हणाला, मग घशात अडकल्यासारखं नुसतं ‘भं’ म्हणून थांबला. आणि पुढच्याच क्षणी सरळ आवाजात: “गल्लाबाजार ग्रुप. आपला जुना काटा काही कामाचा नाही राहिला आता...”

मारोतरावांची बोटं फोनच्या काचेवरून फिरत होती.

“काटा,” ते म्हणाले. “त्या वजनाच्या मोठ्या काट्याचं म्हणून राहिले होते?”

“हो काका.”

“देवराव मले डॉक्टरकडे न्यायले आला होता?”

“हो.”

ते उठले. “कौशल्या, माहा सदरा दे. पांढरा.” त्यांचा आवाज चढला होता आणि भैरवीनं इतक्या महिन्यांत ऐकला नव्हता असा होता. “चाल पोरी, कळमन्याले. तूच सांग त्याले, मले नीट सांगता नाही येणार. अरे, मी भावाले दारातून हाकललं!”

ऑटोत ते सारखे बोलत होते. लहानपणी देवराव मोहाच्या झाडावरून पडला होता आणि ह्यांनी त्याला पाठीवर घालून आणलं होतं, ते सांगितलं. पियूषच्या लग्नात काय घालायचं तेही सांगितलं, पियूषचं लग्न कुठे ठरलेलं नसताना.

बाजारात आवक कमी होती. देवराव दुकानात एकटाच होता. दादाला दारात पाहून तो उठून उभा राहिला. भैरवीनं सगळं सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत, दोन्ही मेसेज दाखवून. मारोतराव मध्ये मध्ये “आयक, आयक” म्हणत होते.

देवरावनं ऐकलं. फोन हातात घेऊन दोन्ही मेसेज दोनदा वाचले. मग गोंधळून म्हणाला, “म्हणजे त्या दिवशी... तुले बोर्डाचं नव्हतं समजलं?”

“कोणता बोर्ड?” मारोतरावांनी विचारलं.

देवरावनं भैरवीकडे पाहिलं. तिनं त्याच्या डोक्याच्या वर पाहिलं. दुकानावरचा बोर्ड बराच जुना दिसत होता, धुळीनं माखलेला. ‘देवराव भोयर आणि पुत्र, धान्याचे अडते’.

“कोणता बोर्ड, देवराव?”

“दादा, तो... मार्चमधीच करून ठेवला होता. होळीच्या आधी. पियूष म्हणे, आता लायसन नव्या नावानं करू. मी तुले डॉक्टरकडून वापस येता येता सांगणार होतो. तू म्हटलं, समजलं सगळं. मले वाटलं बाजारातल्या कोणी सांगतलं तुले.”

मारोतराव उभेच होते. त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“म्हणजे माह्या नावाचा बोर्ड काढाचं आधीच ठरलं होतं.”

“तुले दिसत नाही दादा. सही कुठं करायची ते मले दाखवा लागते. माणसं हसते. मी किती दिवस...” देवराव थांबला. मग एकदम भैरवीकडे वळला. “तुमच्या मशीननं घर फोडलं आमचं! तुमच्यावर केस टाकली पायजे!”

“तिच्यावर काहून ओरडते?” मारोतराव म्हणाले. “मशीननं बोर्ड नाही रंगवला.”

देवरावनं चहा मागवला. मारोतराव त्याआधीच रस्त्याकडे निघाले होते. बाहेर एका जुन्या हमालानं “राम राम मालक” म्हटलं, तर त्यालाही उत्तर दिलं नाही. येताना ऑटोत ते एकच वाक्य बोलले. “डॉक्टरकडे काहून नेऊन राहिला होता ते आता समजलं, बोर्डाचं सांगाले.”

“तसं नसेल काका,” भैरवी म्हणाली. तिला ते खरं वाटत होतं की नव्हतं, ते तिलाच ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात बदल करून टाकला. आता पट्टी दोन्ही भाषांच्या हातात एका वेळी नसे. अपूर्वचा भाग ती लिहून भैरवीच्या भागाकडे सोपवून देई, आणि ‘झालं’ असं उलट उत्तर येईपर्यंत त्याला पट्टीला हातच लावता येत नसे. तोवर दुसरा मेसेज आला तर तो दुसऱ्या पट्टीवर. अशा दोनच पट्ट्या आळीपाळीनं वापरल्या तर कचराही होत नव्हता आणि आवाजही अडत नव्हता. अर्ध्या दिवसाचं काम होतं. फेब्रुवारीत कोणी अर्धा दिवस दिला असता तर तेव्हाही तेवढंच लागलं असतं.

अपूर्वनं ते बघितलं आणि म्हणाला, “छान. आजच सोडू या.”

“सोबत सगळ्यांना कळवायचं,” भैरवी म्हणाली. “फेब्रुवारीपासून आजपर्यंत ऐकलेला एखादा मेसेज दुसऱ्याच्या मेसेजात मिसळलेला असू शकतो. शंका असेल तर पुन्हा ऐका.”

“वेडी झालीस का?”

“का?”

“हजारो लोक वापरतात. त्यांना सांगू, की इतके महिने आमचं ॲप तुमच्या माणसांच्या तोंडी भलतेच शब्द घालत होतं? उद्या एकही संस्था दारात उभी करणार नाही. आणि किती जणांना झालं असेल? एक ती वेदिका, एक तुझे घरमालक.”

“या दोघांना कळलं. बाकीच्यांना कळणारच नाही, अपूर्व. त्यांना दिसत नाही. ते खरंच धरून चालणार.”

अपूर्वनं डोळे चोळले. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या कंपनीत लहान पोरं कामाला होती आणि त्यांची घरं त्याच्यावर चालत होती. “तूसुद्धा होकार दिला होतास,” तो हळूच म्हणाला. “ते विसरू नको.”

नवीन आवृत्ती निघाली. तिच्याबरोबरच्या माहितीत लिहिलं होतं: काही किरकोळ सुधारणा.

त्या आठवड्यात भैरवी भाडं द्यायला खाली गेली तेव्हा मारोतराव आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले होते. फोन फ्रिजवर ठेवलेला होता, बंद. कौशल्याकाकूंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

“तू सांगतलं नसतं तं बरं झालं असतं वं,” त्या म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. भाजी चिरत बोलत होत्या. “आधी रागात राहे हे. शिव्या देये देवरावले, पण जेवे. राग बरा होता. आता नुसता बसून राहते. काल मले म्हणे, कौशल्या, मी खरंच जागा अडवून राहिलो का? म्या का सांगू?”

“काकू, मला वाटलं होतं, कळल्यावर ते...”

“तुले वाटलं होतं. तुह्यी गलती नाही.” मग थोड्या वेळानं, “दिवाळीनंतर माहेरचा भाचा येऊन राहणार हाये वरती. तू तोवर दुसरी जागा पाहून ठेव, हं?”

भाचा वगैरे कोणी नव्हता, हे भैरवीला माहीत होतं. तिनं मान हलवली.

हर्षितकडे आजवर कशाचीही तक्रार केलेल्या लोकांचे नंबर होते. भैरवीनं ते मागून घेतले आणि ऑफिसातल्या मागच्या गॅलरीत उभी राहून ती एकेकाला फोन करू लागली. अपूर्वला कळेल तेव्हा कळेल. काही जणांनी ऐकून घेतलं आणि बरं म्हणाले. एकानं विचारलं, याचे काही पैसे मिळतील का? एकानं मध्येच फोन ठेवला. एक म्हातारे गृहस्थ खूप हसले, म्हणाले, “म्हणूनच बँकेवाला मला ‘लवकर ये ना’ म्हणत होता!”

मग इंदुताई नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन लागला. त्या कामठीला एकट्या राहत होत्या. भैरवीनं नेहमीसारखं सगळं सांगितलं.

“म्हणजे कसं म्हणतेस, बेटा? नाव एकाचं आणि बोलणं दुसऱ्याचं?”

“हो. क्वचित. दोन मेसेज पाठोपाठ आले तर.”

पलीकडे पंखा चालल्याचा आवाज येत होता.

“एप्रिलमध्ये माझ्या मुलाचा मेसेज आला होता. म्हणाला, यंदा सुट्टीत तू इकडे येऊ नकोस, त्रास होतो. मी मग काही विचारलं नाही त्याला. तोही काही बोलला नाही. ते त्यानंच लिहिलं होतं का गं?”

“ते मला नाही सांगता येणार,” भैरवी म्हणाली. “तो मेसेज पुन्हा एकदा ऐकून बघा. आता ॲप बरोबर वाचेल.”

“पुसून टाकला मी तो,” इंदुताई म्हणाल्या. “असं कोणी ठेवतं का?”

“मुलाला विचारून बघा ना. त्याच्याकडे असेल.”

“आणि त्यानं खरंच लिहिलेलं असलं तर?”

भैरवी गॅलरीच्या कठड्याला टेकली. आत काचेपलीकडे अपूर्व उभा होता. त्यानं तिच्या हातातली नंबरांची यादी पाहिली होती आणि तो दाराकडे येत होता.

“ऐकतेस का?” इंदुताई विचारत होत्या. “मी काय धरून चालू, तेवढं सांग.”